'मूनलाइट' : एक मुलगा, तीन नावं

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमच्याकडे आठवड्याचे चार तास उरकायचा विषय होता आणि व्हरांड्यात मराठी बोलताना सापडलं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हे माझ्यासाठी आजही एम-थ्रीइतकंच अवघड प्रकरण आहे. मराठी विभागासाठी लेख दे असं सांगितलं गेलं तेव्हा मी आधी इंग्रजी विभागाकडे बोट दाखवून मोकळा झालो होतो. पण ज्या गोष्टीमुळे हा लेख सुचला ती गोष्ट मराठीत घडली. मग ती मराठीतच सांगायला हवी. चुकांबद्दल सांभाळून घ्या.

विषय आहे 'मूनलाइट' हा २०१६ सालचा अमेरिकन चित्रपट. बऱ्याच जणांना तो ऑस्करच्या गोंधळामुळे आठवत असेल. २६ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून आधी 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं. ती मंडळी स्टेजवर येऊन आभाराची भाषणंही करू लागली, आणि मग कळलं की उघडलेलं पाकीटच चुकीचं होतं. खरा विजेता 'मूनलाइट'! मी तेव्हा शाळेत होतो. त्या पाकिटावर वर्गात भरपूर विनोद झाले. सिनेमा मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

मी तो पाहिला एस.ई.ला असताना, हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर, सबमिशनच्या आदल्या रात्री. सहज दहा मिनिटं बघू म्हणून लावला आणि पावणेदोन तासांनी उठलो. जर्नल तसंच कोरं राहिलं. त्यानंतर मी तो आणखी तीन वेळा पाहिला. या लेखात त्या सिनेमातून मी काय शिकलो ते जमेल तसं मांडतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांना कथा आधी कळेल, पण काळजी नको. या सिनेमात 'पुढे काय होणार' यापेक्षा 'हे असं का झालं' हे जास्त महत्त्वाचं आहे.

सिनेमामागची माणसं

दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स. मूळ लेखन टॅरेल अल्विन मॅक्रेनी यांचं. मॅक्रेनींनी २००३ च्या सुमारास 'इन मूनलाइट ब्लॅक बॉइज लुक ब्लू' नावाची संहिता लिहिली होती. चांदण्यात काळी मुलं निळी दिसतात, असा त्याचा अर्थ. ते नाटक रंगमंचावर कधी आलंच नाही. पुढे ते जेंकिन्स यांच्या हातात पडलं आणि त्यातून पटकथा तयार झाली.

योगायोग बघा. दोघंही मायामी शहरातल्या लिबर्टी सिटी या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत वाढलेले. वयात जेमतेम वर्षाचं अंतर. दोघांच्याही आया क्रॅक कोकेनच्या व्यसनात सापडलेल्या. आणि तरी लहानपणी दोघांची ओळख नव्हती! फरक एकच. मॅक्रेनी समलिंगी आहेत, जेंकिन्स नाहीत. म्हणजे या सिनेमातली आई दोघांच्या आयुष्यातून आली आणि नायकाचं गुपित एकाच्या. दुसऱ्यानं ते समजून घेऊन पडद्यावर मांडलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एखाद्याचं दुःख समजण्यासाठी ते आपल्याला झालेलंच असायला हवं असं नाही.

चित्रीकरण अवघ्या २५ दिवसांत झालं, तेही बरंचसं लिबर्टी सिटीतच. नायकाच्या आईची भूमिका करणाऱ्या नेओमी हॅरिस यांनी आपलं सगळं काम तीन दिवसांत संपवलं. आठ नामांकनं मिळाली आणि तीन ऑस्कर : सर्वोत्कृष्ट चित्रपट, आधारित पटकथा आणि सहायक अभिनेता (माहेर्शाला अली).

कथा : तीन भाग, तीन नावं

सिनेमाचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागाला नायकाचं त्या वेळचं नाव दिलेलं आहे.

पहिला भाग 'लिटल'. नऊ-दहा वर्षांचा एक अबोल मुलगा. अंगानं लहान म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव लिटल. पोरं मारायला मागे लागतात म्हणून तो एका ओसाड घरात लपतो. तिथे त्याला हुआन सापडतो. हुआन मूळचा क्यूबाचा, त्या भागातला अमली पदार्थांचा मोठा विक्रेता. तो या मुलाला खाऊ घालतो, घरी नेतो, समुद्रावर नेऊन पोहायला शिकवतो. हुआनची मैत्रीण टेरेसा त्याला अंथरूण-पांघरूण देते. पुढे कळतं की मुलाची आई ज्या नशेत बुडाली आहे ती नशा हुआनच्याच धंद्यातून येते.

दुसरा भाग 'शायरॉन'. हे त्याचं खरं नाव. आता तो सोळा वर्षांचा आहे. हुआन मधल्या काळात मेला आहे. ते आपल्याला कोणी दाखवत नाही, फक्त बोलण्यातून कळतं. शाळेत टेरेल नावाचा मुलगा शायरॉनला रोज छळतो. त्याचा एकच मित्र, केविन. एका रात्री समुद्रकिनाऱ्यावर या दोघांमध्ये जवळीक होते. आणि त्यानंतर लवकरच, शाळेच्या आवारात, तोच केविन त्याला मारतो.

तिसरा भाग 'ब्लॅक'. हे केविननं ठेवलेलं नाव. शायरॉन आता पंचविशीचा, पिळदार शरीराचा, दातांवर सोन्याचं कव्हर चढवलेला, अटलांटा शहरात अमली पदार्थ विकणारा माणूस झाला आहे. एका रात्री केविनचा फोन येतो आणि तो हजारेक किलोमीटर गाडी चालवत मायामीला जातो.

बस्स, एवढीच कथा. आता यातून काय शिकायचं ते बघू.

पहिला धडा : नाव कोण ठेवतं?

तिन्ही नावांत एक गंमत आहे. 'लिटल' पोरांनी ठेवलं, 'ब्लॅक' मित्रानं ठेवलं आणि 'शायरॉन' आईनं. त्यानं स्वतः एकही निवडलं नाही. पहिल्या भागात हुआन त्याला स्वतःच्या लहानपणीची एक गोष्ट सांगतो. चांदण्यात हुंदडताना एक म्हातारी त्याला म्हणाली होती की या उजेडात काळी मुलं निळी दिसतात, म्हणून मी तुला 'ब्लू' म्हणणार. मुलगा विचारतो, मग तुझं नाव ब्लू आहे का? हुआन हसून नाही म्हणतो. पुढे तो जे सांगतो त्याचा मथितार्थ असा : आपण कोण व्हायचं हे कधीतरी आपल्यालाच ठरवावं लागतं, तो निर्णय दुसऱ्या कोणाला घेऊ देऊ नकोस.

याच भागातला जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग मी पुन्हापुन्हा पाहिला. मुलगा मान खाली घालून विचारतो की पोरं मला जो शब्द म्हणून चिडवतात त्याचा अर्थ काय. (आपल्याकडे 'बायल्या' म्हणतात ना, त्याच जातीचा शब्द.) हुआन त्याला फसवत नाही. समलिंगी माणसाला वाईट वाटावं म्हणून वापरतात तो शब्द, असं सांगतो. मग मुलगा विचारतो, मी तसा आहे का? हुआनचं उत्तर मला थोरामोठ्यांच्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. तू समलिंगी असू शकतोस, पण त्या शब्दानं कोणाला हाक मारू देऊ नकोस. आणि ते आत्ताच कळायला हवं असं काही नाही.

मग मुलगा सरळ विचारतो, तू नशेचे पदार्थ विकतोस का? माझी आई ते घेते का? हुआन हो म्हणतो आणि मान खाली घालतो. मुलगा उठून निघून जातो. एवढा दांडगा माणूस, वस्तीत ज्याचा दरारा, तो एका पोरासमोर खोटं बोलत नाही. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात मर्दाचा क्षण तोच.

मराठीत मला नुकतीच सापडलेली एक गोष्ट सांगतो. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे निंदा. फक्त एका अनुस्वाराचा फरक! हॉस्टेलमध्ये आपण या दोन्ही गोष्टी एकदमच करतो. एफ.ई.ला पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची बारशी झाली. मी कॉन्व्हेंटचा म्हणून माझं नाव 'फादर' पडलं. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट जरा भावच मिळाला. शेजारच्या खोलीतल्या मुलाचं नाव पडलं 'वहिनी'. त्याच्याकडे मी पुढे येतोच.

दुसरा धडा : मर्दानगीला प्रेक्षक लागतात

शाळेच्या आवारातला मारामारीचा प्रसंग नीट पाहा. टेरेल स्वतः पुढे होऊन शायरॉनला मारत नाही. तो केविनला मारायला लावतो. खेळाचा नियम असा की ज्याच्याकडे बोट दाखवलं जाईल त्याला पाडायचं. कॅमेरा टेरेलबरोबर जमलेल्या पोरांच्या रिंगणातून गोल फिरतो. सिनेमाच्या पहिल्याच शॉटमध्येही कॅमेरा असाच हुआनभोवती फिरलेला असतो. फरक एवढाच की तिथे रस्त्यावरचा रोजचा धंदा चाललेला असतो आणि इथे शिकार.

केविन पहिला ठोसा मारतो. शायरॉन पडतो आणि उठतो. केविन पुन्हा मारतो. तो पुन्हा उठतो. केविन हळूच म्हणतो, खालीच पडून राहा. पण शायरॉन उठत राहतो. शेवटी बाकीचे तुटून पडतात आणि लाथा घालतात.

आता प्रश्न असा : केविनचं शायरॉनशी वैर होतं का? अजिबात नाही. आदल्या रात्री ते दोघं किनाऱ्यावर बसलेले आपण पाहिलेत. केविनला भीती होती ती रिंगणाची. मारलं नाही तर पुढचं बोट त्याच्याकडे वळलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मर्दानगी हा एक सिग्नल आहे आणि रिसीव्हर नसेल तर तो पाठवण्यात काही अर्थ नाही. समुद्रकिनाऱ्यावर कोणी बघत नव्हतं, तिथे केविन हळवा होऊ शकला. आवारात पन्नास डोळे होते, तिथे त्याचा हात उठला. हात एकच होता.

यानंतर शायरॉन तक्रार करायला नकार देतो. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवतो, वर्गात जातो आणि खुर्ची उचलून टेरेलच्या पाठीत घालतो. पोलीस त्याला घेऊन जातात. केविन उभा राहून बघत असतो. अबोल शायरॉन तिथे संपतो आणि 'ब्लॅक' जन्माला येतो.

तिसरा धडा : इंजिनिअर लोकांसाठी आवाज आणि रंग

आता थोडं तांत्रिक, कारण हे मासिक इंजिनिअरिंग कॉलेजचं आहे! संगीतकार निकोलस ब्रिटेल यांनी इथे एक मजेशीर पद्धत वापरली आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९९० च्या दशकात डीजे स्क्रू नावाच्या कलाकारानं हिप-हॉप गाणी मुद्दाम मंद गतीनं वाजवून एक नवीन शैली रुजवली, 'चॉप्ड अँड स्क्रूड'. तत्त्व सोपं आहे. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगानं वाजवलं की वारंवारिता निम्मी होते. ४४० हर्ट्झचा स्वर २२० हर्ट्झवर येतो, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आवाज जड, खोल, ओढल्यासारखा होतो.

ब्रिटेल यांनी हीच युक्ती पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यांवर केली. लहानपणी लिटलसाठी पियानो आणि व्हायोलिनची एक साधी धून येते. तीच धून दुसऱ्या भागात खालच्या पट्टीत जाते. मारामारीच्या वेळी ती इतकी मंद आणि इतकी खाली ओढली आहे की व्हायोलिन ओळखूच येत नाही, नुसती जमीन हादरल्यासारखी वाटते. तिसऱ्या भागात तिच्या जागी अनेक चेलोंचा भारदस्त आवाज येतो. म्हणजे धून तीच, वजन वाढलेलं. मुलगा तोच, वजन वाढलेलं. शब्दात न सांगता हे फक्त वारंवारितेनं सांगितलंय!

रंगांचंही तसंच. छायाचित्रकार जेम्स लॅक्स्टन यांनी सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला. पण नंतर रंगसंस्कार करताना तिन्ही भागांना तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या फिल्मसारखा पोत दिला : पहिल्याला फुजी, दुसऱ्याला अ‍ॅग्फा, तिसऱ्याला कोडॅक. बघताना हे आपल्याला कळत नाही. पण डोळ्यांना जाणवतं की जग बदललंय.

आणि तीन नट. अ‍ॅलेक्स हिबर्ट, अ‍ॅश्टन सँडर्स, ट्रेव्हान्टे रोड्स. तिघं एकमेकांसारखे फारसे दिसत नाहीत. चित्रीकरणाच्या काळात दिग्दर्शकानं त्यांना मुद्दाम भेटू दिलं नाही, म्हणजे कोणी कोणाची नक्कल करणार नाही. तरी तिसऱ्या भागात तो आडदांड माणूस हॉटेलात मान खाली घालून बसतो तेव्हा आपल्याला तो दहा वर्षांचा पोरगा दिसतो. मान खाली घालायची तीच तऱ्हा. शरीर बदलता येतं, मान बदलता येत नाही.

चौथा धडा : त्यानं काय उचललं आणि काय सोडलं

'ब्लॅक'कडे नीट बघा. गाडीच्या डॅशबोर्डवर मुकुट, हुआनच्या गाडीत होता तसाच. डोक्याला तसंच फडकं. धंदाही तोच. म्हणजे मोठा होताना त्याच्यासमोर पुरुषाचा एकच नमुना होता आणि त्यानं तो जसाच्या तसा उतरवला. आपण ड्रॉइंग शीटची जी.टी. मारतो तसा! काचेवर शीट ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि रेघा गिरवायच्या. पण जी.टी.त एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे मूळ माणसानं रेघ तिथे का काढली ते.

हुआनचं बाहेरून दिसणारं सगळं त्यानं घेतलं. गाडी, मुकुट, दरारा. पण पाण्यात त्याच्या डोक्याखाली धरलेला हुआनचा हात? आता सोडतो, घाबरू नकोस, असं सांगणारा तो आवाज? तो त्यानं कुठेतरी खोल पुरून टाकला. (पडद्यामागची गोष्ट अशी की अ‍ॅलेक्स हिबर्टला खरोखरच पोहता येत नव्हतं आणि माहेर्शाला अलीनं चित्रीकरणातच त्याला शिकवलं. त्या प्रसंगातला विश्वास खरा आहे.) दुसऱ्यांनी आपल्याला मऊ समजू नये म्हणून माणूस इतका टणक होतो की मग आत कोणाला येताच येत नाही. शेवटी तो केविनला सांगतो की त्या रात्रीनंतर मला दुसऱ्या कोणीही स्पर्श केलेला नाही. मध्ये दहाएक वर्षं गेलेली असतात. अख्खी दहा वर्षं, चिलखतात!

केविन तेव्हा काय करतो? भाषण देत नाही. तो आता एका छोट्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. तो शायरॉनसाठी स्वतः ताट वाढतो : चिकन, भात, काळ्या घेवड्याची उसळ. जेवायला घालतो. सिनेमातली ही माफी आहे. आणि अगदी शेवटी आपल्याला पुन्हा तो लहान मुलगा दिसतो, समुद्राकाठी, चांदण्यात पाठमोरा. तो वळून आपल्याकडे बघतो.

आता 'वहिनी'बद्दल

तो एका लहान गावातून आला होता. हळू बोलायचा, कपडे घडी करून ठेवायचा, चालायचाही जरा वेगळा. ड्रॉइंग इतकं सुरेख की अर्ध्या विंगनं त्याच्या शीटवरून जी.टी. मारली. मीसुद्धा. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लेथ मशीनची पूजा झाली, तिथली रांगोळी त्यानं काढली आणि त्या दिवसापासून तो 'वहिनी' झाला. चिडवायचा खरा अर्थ सगळ्यांना कळत होता, पण उघड कोणी म्हणत नव्हतं.

रात्री आम्ही एकत्र अभ्यास करायचो. तो मला प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स शिकवायचा, मी त्याला एम-टूची गणितं. मराठी नीट लिहायलाही खरं तर त्यानंच शिकवलं. माझ्या खोलीत दार उघडं ठेवून बसणारा माझा तो हॉस्टेलमधला पहिला मित्र. मग एके दिवशी मेसच्या दारात कोणीतरी विचारलं, "काय फादर, आज तुमच्या वहिनी कुठायत?" सगळे हसले. पहिल्यांदाच ते बोट माझ्याकडे वळलं होतं. पोटात गोळा आला.

त्याच रात्री तो जेवायला आला तेव्हा मी भर मेसमध्ये, टेबलावर ताट वाजवत, ओरडलो : "वहिनी, भाजी वाढा!"

काय हशा पिकला! टेबलं बडवली पोरांनी. मला खात्री आहे, त्या क्षणी मी पास झालो होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग भाजीचं भांडं उचललं, माझ्याजवळ आला, माझ्या ताटात भाजी वाढली, भांडं जागेवर ठेवलं आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसला. नंतर तो माझ्या खोलीत कधी आला नाही. दुसरं सेमिस्टर संपल्यावर त्यानं हॉस्टेल सोडलं आणि बाहेर कॉट बेसिसवर राहायला गेला. आमच्या ब्रँच वेगळ्या. कॅन्टीनच्या रस्त्यावर दिसलो तर आम्ही दोघंही मोबाइल बघायचो.

मी कोणाला हात लावला नाही, मारलं नाही. फक्त एक विनोद केला. पण 'मूनलाइट' पाहताना केविननं पहिला ठोसा मारला तेव्हा मला मेसमधला ताटाचा आवाज ऐकू आला. माझी समजूत होती की मी प्रेक्षकांत आहे. मी रिंगणाच्या मध्ये होतो.

तो समलिंगी आहे का? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. सांगायचं असलं तर तो सांगेल, ज्याला सांगावंसं वाटेल त्याला. रांगोळी काढणं, हळू बोलणं यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि समजा असला, तरी माझा विनोद त्यामुळे कमी वाईट ठरत नाही.

थोडं कायद्याबद्दल

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला की दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्याशी जास्त थेट संबंध असलेली गोष्ट कमी जणांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार लैंगिकता, लिंग, जात, धर्म, भाषा, रंगरूप, गाव अशा कारणांवरून विद्यार्थ्याचा शारीरिक किंवा मानसिक छळ करणं, त्याला वाळीत टाकणं हेसुद्धा रॅगिंगच आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनी ते प्रतिज्ञापत्र सही करून दिलंय. मीही दिलं होतं. न वाचता.

आणि हे सगळं 'तिकडचं' आहे असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि जागतिक चित्रपट विभागात कथापटांसाठीचं ग्रँड ज्युरी पारितोषिक त्यानं मिळवलं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला एक माणूस आणि त्याचा बालमित्र यांची ती प्रेमकथा आहे. भाषा आपली, गाव आपलं, माणसंही आपली.

शेवटी

सिनेमा पाहून झाल्यावर मला त्याला फोन करावासा वाटला. कॉन्टॅक्टमध्ये नाव शोधायला लागलो तर सापडेना. मग लक्षात आलं की मी ते 'वहिनी' असंच सेव्ह केलं होतं. खरं नाव घालायला गेलो तर आडनाव आठवेना! एफ.ई.च्या प्रॅक्टिकल बॅचची जुनी यादी काढून बघावं लागलं. सहा महिने ज्याच्याशेजारी बसून अभ्यास केला त्याचं आडनाव मला यादीतून शोधावं लागलं.

फोन लगेच केला असं मात्र नाही. तीन आठवडे लागले. माझा नंबर त्याच्याकडे सेव्ह नव्हता.

"कोण?"

मी माझं नाव सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हां, फादर. बोल. शीट हवीय का?"

मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. कसंबसं म्हणालो, "अरे, ते मेसमध्ये... त्या दिवशी..."

"आठवतंय मला," तो म्हणाला. मी सॉरी म्हणालो. 'माफ कर' हे मराठीत म्हणायला मला तेव्हाही जमलं नाही. तो "ठीक आहे" म्हणाला नाही, आणि ते बरंच झालं, कारण ते ठीक नव्हतंच. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "जेवलास का?"

आम्ही आता पूर्वीसारखे मित्र झालोय असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यात दिसलो की थांबतो. हा लेख द्यायच्या आधी मी त्याला वाचायला दिला, कारण तो त्याच्याबद्दलही आहे. त्यानं ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या आणि एक वाक्य खोडलं. कुठलं ते सांगणार नाही. 'छाप' म्हणाला, म्हणून छापतोय.

तेव्हा मित्रांनो, 'मूनलाइट' जरूर पाहा. एकट्यानं पाहा, मग चौघांत पाहा. आणि पाहून झालं की आपल्या फोनमधली नावं एकदा वरपासून खालपर्यंत वाचा.